पाठ कोण ठरवणार? खानदेशातल्या मराठी विभागांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे मराठी विभागप्रमुख, प्राध्यापक बंधुभगिनी आणि मराठी अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

'डिजिटल ह्युमॅनिटीज', म्हणजे भाषा-साहित्यासारख्या विषयांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास, हे नाव आता आपल्याकडच्या चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांवरही दिसू लागलं आहे. कोणी त्याला डिजिटल मानव्यविद्या म्हणतं, कोणी संगणकीय साहित्याभ्यास. नाव कोणतंही घ्या, आपल्या विभागांत त्याबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे संगणक विभागाचं काम, आपला काय संबंध? दुसरा म्हणतो, आता कविताही मशीनच वाचणार, मग आपण कशाला? मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते आणि मला हे दोन्ही सूर पटत नाहीत. पोथी, पुस्तक किंवा गाणं संगणकात उतरवताना पावलोपावली पाठाचा, म्हणजे मूळ शब्द नेमके कोणते धरायचे याचा, निर्णय करावा लागतो. पाठनिर्णय हे साहित्याच्या अभ्यासकाचं काम आहे, पूर्वीपासून आहे. आपण ते केलं नाही म्हणून ते थांबत नाही. दुसरंच कोणीतरी, आपण निर्णय करतोय हे ठाऊक नसताना, ते करून मोकळं होतं.

आपल्या विद्यापीठाला जिचं नाव आहे तिच्यापासूनच सुरुवात करते. कवयित्री बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या गायच्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी व एका आप्ताने ते वेळोवेळी टिपून ठेवलं. त्या गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. म्हणजे आपल्या हातात येतो तो मुळातच ऐकून लिहिलेला पाठ. आता संसारावरची त्यांची सगळ्यांना पाठ असलेली कविता मोबाइलवर शोधून पाहा. कुठे भाकर 'मियते', कुठे ती 'मिळते'. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, हे आसोद्या-भादलीकडच्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण टाइप करणाऱ्याला 'मियते' ही चूक वाटली आणि त्याने ती सुधारली. त्याचा हेतू वाईट नव्हता. पुढच्याने तीच प्रत उचलली, त्याच्या पुढच्याने तिच्यावरून. उद्या एखादा विद्यार्थी बहिणाबाईंच्या भाषेत बोलीचं प्रमाण किती हे संगणकावर मोजायला बसला, तर तो बहिणाबाईंची भाषा मोजणार की टाइप करणाऱ्यांची? आणि भाषेची मोठी यंत्रं, म्हणजे माणसासारखं लिहिणारे एआय, आज जी मराठी शिकतात, ती याच प्रतींवरून शिकतात.

हे सगळं नवं आणि परकं आहे असं समजून आपण बिचकतो, त्याला माझ्या मते काही आधार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. आपल्या धुळ्यात तर या कामाची परंपराच आहे. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस तिथे राहिले आणि १९२६च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले. गावोगावची दप्तरं आणि पोथ्या धुंडाळणाऱ्या या माणसाने ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरण लिहिलं ते एकेक रूप वेचून, हाताने. त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला, संपादन कृ. पां. कुलकर्ण्यांचं. हेच कुलकर्णी १९५२च्या अमळनेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४च्या फेब्रुवारीत संमेलन पुन्हा अमळनेरला भरलं तेव्हा हा धागा कोणी तरी उचलेल असं मला वाटलं होतं. त्याच धुळ्यात समर्थभक्त शंकरराव देवांनी मठामठांतून हस्तलिखितांची बाडं गोळा केली आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली. शब्द वेचायचे, प्रती ताडून पाहायच्या, नोंदी करायच्या, त्यांवरून अनुमान काढायचं: डिजिटल मानव्यविद्येचा कणा हाच आहे. हत्यारं बदलली आहेत.

तिकडे पश्चिमेतही सुरुवात अशीच झाली. रोबेर्तो बुसा नावाच्या इटालियन जेझुइट पाद्रीला थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या ग्रंथांतला प्रत्येक शब्द कुठे, कसा आला याची सूची हवी होती. १९४९ साली तो आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटला आणि भोकं पाडलेल्या कार्डांवर काम सुरू झालं. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची पुरी व्हायला तीस वर्षं लागली आणि छापील खंड झाले ५६. बुसाला संगणकाचं कौतुक नव्हतं. त्याला अक्वायनसच्या लेखनातली 'मध्ये', 'आत' अशा अर्थाची क्षुल्लक अव्ययं तपासायची होती, कारण त्याचा तत्त्वज्ञानाचा प्रश्न तिथे अडला होता. आधी प्रश्न, मग यंत्र, हा क्रम आपण धरून ठेवला तर पुढची अर्धी भीती उरत नाही.

यंत्र काय करतं आणि कुठे अडतं, हे एका अहिराणी शब्दावर दाखवते. 'माय काय करी ऱ्हायनी?' यातला 'ऱ्हायनी' घ्या. अहिराणीत दर दोन-चार वाक्यांना ऱ्हायना, ऱ्हायनी, ऱ्हायनं लागतंच. पडद्यावर दिसणारा हा 'ऱ्ह' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक संकेतात, दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, त्याला हलंत आणि पुढे 'ह'. दुसरीत साधा 'र', हलंत, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि 'ह'. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यात कोणी 'र्ह' असा रफार देऊन लिहितो, कोणी सरळ 'राहिनी', कोणी 'रायनी'. मग एका रूपाने शोध घेतला की बाकीची सगळी निसटतात आणि अभ्यासक खुशाल लिहून जातो की अमुक लेखकाच्या अहिराणीत हे क्रियारूप विरळ आहे. संगणक विभागातला मुलगा यावर एका ओळीचा उपाय देईल, सगळी रूपं एकच करून टाकेल. पण 'ऱ्हायनी' आणि 'रायनी' हा लिहिणाऱ्याच्या सवयीचा फरक आहे की तापीच्या या काठाचा आणि त्या काठाचा उच्चारभेद आहे, हे त्या मुलाला कोण सांगणार? पहिल्या दोन रूपांची खुशाल मोट बांधावी, तिथे फरक निव्वळ यंत्रातला आहे. शेवटच्या दोन रूपांना ऐकल्याशिवाय हात लावू नये. असा निर्णय घ्यायला भाषा यावी लागते, गाव माहीत असावं लागतं.

म्हणूनच माझा आग्रह आहे की खानदेशात हे काम छापील पुस्तकाआधी आवाजापासून सुरू व्हावं. २०११च्या जनगणनेत अहिराणी धरून 'खानदेशी' या नावाखाली मोजलेल्या भाषकांची संख्या १८ लाख ६० हजारांच्या घरात आहे. ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशीला भिल्ल बोलींच्या खंडात बसवलं आणि उधळ्या पुत्राच्या बायबलमधल्या गोष्टीचा खानदेशी नमुना छापला, कारण त्या सर्वेक्षणात ठिकठिकाणी तीच गोष्ट सांगून घेतली होती. एवढ्या माणसांच्या बोलीचा शोधता येईल असा, उगमासह नोंदलेला, सर्वांना खुला साठा आपल्या वर्गात वापरायला आपल्याजवळ असू नये, ही गोष्ट मला खरोखर डाचते. आणि हे झालं खानदेशीचं. लेवा, गुजरी, तावडी, सातपुड्यातली पावरी, नवापूरकडची मावची यांचं काय?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, रोटांचा घमघमाट असतो आणि रात्रभर गाणी चालतात. वहीगायन या लोकगायनाचे फड अजून आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या आजीची कानबाईची गाणी मोबाइलवर घेतली आणि सुंदर अक्षरात उतरवून आणली. वाचली तर जवळजवळ प्रमाण मराठी. आजी 'शे' म्हणाली तिथे हिने 'आहे' लिहिलं होतं, 'माले' होतं तिथे 'मला'. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, पेपरात तसं चालत नाही ना." मग आम्ही सगळ्या वर्गाने मिळून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. एका कडव्यात आजी चाल सांभाळायला एक अक्षर लांबवते. ते अक्षर शब्दाचं आहे की निव्वळ सुराचं, यावर तासभर वाद झाला. दोंडाईच्याकडचा एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे हा शब्दच वेगळा आहे. शेवटी आम्ही दोन ओळी ठेवल्या, एकीत ऐकलं तसं, दुसरीत वाचकाच्या सोयीसाठी, आणि शंका होती तिथे खूण केली. त्या तासात त्या मुलांनी पाठ, पाठभेद, संहिता, निवेदक, श्रोता या संज्ञा जितक्या जिवंतपणे हाताळल्या तितक्या मी फळ्यावर लिहून कधी शिकवू शकले नसते. जगभर 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' या नावाने १९८७पासून संहितेवर खुणा करण्याचे जे संकेत घडत आले आहेत, त्यांत नेमकी अशीच व्यवस्था आहे: काय ऐकलं, काय सुधारलं, कुठे खात्री नाही, कोणी ठरवलं. ते संकेत मुलांना दोन आठवड्यांत शिकवता येतात. कोणतं महागडं यंत्र लागत नाही.

'कोणी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बुसाच्या प्रकल्पात कार्डांना भोकं पाडायचं काम तरुण मुलींनी केलं. अनेक दशकं त्यांची नावं कोणी घेतली नाहीत. अलीकडच्या काळात संशोधकांनी जुने फोटो आणि कागद तपासून ती शोधायला घेतली. याउलट आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक. २०१७पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या लोकांपुढे आणल्या आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव येतं, गाव येतं, विषयाची वर्गवारी येते. ओवी कोणाची म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं. लोकसाहित्याच्या आपल्या किती प्रबंधांत गाणारणीचं नाव सापडतं? 'एका वृद्ध महिलेकडून संकलित' एवढ्यावर आपण भागवत आलो आहोत. पुढे असं होऊ नये. आजीची संमती आधी घ्यावी, तिचं नाव तिला हवं असेल तर गाण्याला जोडावं, लिप्यंतर करणाऱ्या विद्यार्थ्याचंही जोडावं. नंतर लेखात फक्त मार्गदर्शकाचं नाव झळकणं मला मान्य नाही.

आता मोजण्याविषयी, कारण डिजिटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आलेख येतात. मोजणीला माझा विरोध नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली छोट्या-छोट्या निरुपद्रवी शब्दांची वारंवारता मोजून कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. लेखकाचं लक्ष मोठ्या शब्दांवर असतं, छोटे शब्द सवयीने येतात, हे त्यामागचं तत्त्व. आपल्याकडे नामदेवांच्या गाथेत 'नामा' या मुद्रेखाली किती जण दडले आहेत, नंतरच्या काळातला विष्णुदास नामा त्यांत कुठला, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. एखाद्या उत्साही संशोधकाला वाटेल, चला, 'तरी', 'मग', 'परी', 'तंव' मोजू आणि निकाल लावू. पण अभंग शतकानुशतकं गाऊन, ऐकून, उतरवून आपल्यापर्यंत आला आहे, आणि लेखनिकाच्या हातून आणि गाणाऱ्याच्या तोंडून आधी बदलतात ते हेच छोटे शब्द. एकाच छापील गाथेवर गणित मांडलं तर नामदेव बाजूला राहतील आणि आपण लेखनिकांची सवय मोजत बसू. आधी वेगवेगळ्या बाडांतले पाठ शेजारी-शेजारी मांडले पाहिजेत, मग मोजणीला अर्थ येईल. मराठीचा प्राध्यापक त्या टेबलापाशी बसलेला नसेल, तर हा धोका तिथे कोणाच्या ध्यानात येणार?

टेबलापाशी बसलेले प्राध्यापक काय करू शकतात याचा दाखला कोलकात्यात आहे. जादवपूर विद्यापीठाने २०१३ साली 'बिचित्रा' हा रवींद्रनाथांच्या समग्र साहित्याचा संग्रह खुला केला. हस्तलिखितांची ४७ हजारांवर आणि छापील ९१ हजारांवर पानं त्यात आहेत. एकाच कवितेचे वेगवेगळे खर्डे आणि आवृत्त्या ओळीला ओळ लावून ताडता येतात आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर तिथल्याच लोकांनी बांगलासाठी बनवलं. त्या कामाचं नेतृत्व साहित्याच्या प्राध्यापकाने, सुकांत चौधुरींनी केलं. आपल्याजवळ रवींद्रनाथांचा पसारा नाही, तितका पैसाही नाही. पण धुळ्यात मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि पोथ्या आहेत, आणि मोडी लिपी २०१४पासून युनिकोडमध्ये आहे. धरणगावचे बालकवी १९१८ साली गेले, राजवाडे १९२६ साली, अमळनेरला शिकवलेले साने गुरुजी १९५० साली. मृत्यूनंतर ६० वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत यांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत कधीच संपली आहे. कायद्याची अडचण पुढे करायला जागा नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. यूजीसीच्या २००९च्या नियमांपासून प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात ती सगळ्यांना मिळते. चांगली सोय. पण मराठीचे कितीतरी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप झालेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसते. एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा पडतो. शोधात ते प्रबंध येत नाहीत. एका महाविद्यालयात तर जुन्या वार्षिक अंकांचे गठ्ठे जागा मोकळी करायची म्हणून रद्दीत गेले; त्यांत पन्नास-साठ वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या अहिराणी कविता होत्या. पान स्कॅन केलं की काम झालं, हाही समज सोडायला हवा. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर अक्षरओळख चालवली की 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म', 'थ'चा 'य', आणि जोडाक्षरं फुटतात. वाचून तपासणारा माणूस लागतोच, आणि तो मराठी जाणणारा लागतो. आपल्या एम.ए.च्या वर्गांत अशी माणसं बसलेली आहेत, त्यांना कामाची गरजही आहे.

हे सगळं म्हटल्यावर मागणं काय? मुख्य मागणं अभ्यास मंडळाकडे आहे: एम.ए.च्या संशोधन प्रकल्पात संहितानिर्मितीला स्वतंत्र स्थान द्यावं. विद्यार्थ्याने एखाद्या गावची गाणी, एखादं बाड किंवा एखाद्या नियतकालिकाचे अंक घ्यावेत, लिप्यंतर करावं, पाठभेद नोंदवावेत, निर्णयांची कारणं लिहावीत आणि ते सर्वांना वापरता येईल अशा रूपात ठेवावं. त्याला समीक्षेच्या निबंधाइतकेच गुण असावेत. पीएच.डी.लाही असं संपादन प्रबंध म्हणून मान्य व्हावं. 'यात विवेचन कुठे आहे' असं विचारणाऱ्या परीक्षकांना मी म्हणेन, टिपा वाचा. मराठीचा प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारायचा, हा नियम तर एका बैठकीत होऊ शकतो. विभागप्रमुखांना विनंती अशी, की संगणक विभागाशी बोला, पण पाठ त्यांच्या हवाली करू नका. आणि धुळ्याच्या दोन्ही संस्थांकडे विद्यार्थी पाठवा, नुसते सहलीला नकोत, महिनाभर बसायला.

यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांना लाखो-कोटी प्रेक्षक मिळताहेत, तेही आपल्या अभ्यासाच्या कक्षेत यावं असं मला वाटतं. तिथे बोली रोज नव्याने घडते आहे, शब्द गावागावांतून एकमेकांत मिसळताहेत. त्यावर सविस्तर पुन्हा कधी.

जवळून वाचणं यामुळे संपेल ही भीती मनातून काढा. मी बालकवींची कविता वर्गात अजूनही तशीच वाचते, एकेका ओळीवर थांबत. संगणकाने मला फारतर एवढं सांगितलं की एखादा रंग त्यांच्या कवितेत कुठे कुठे येतो. तो तिथे काय करतो हे मला आणि मुलांनाच वाचावं लागलं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून योजना आणि निधीच्या गोष्टी चालू आहेत. त्या मराठीत खानदेशची बोली कोणत्या रूपात जाणार हे ठरवायची वेळ आत्ता आहे, कारण एकदा साठे उभे राहिले की लोक त्यांवरूनच पुढे चालतात.

आमच्या वर्गाने कानबाईची आणि आखाजीची जी गाणी उतरवली आहेत, ती ध्वनिमुद्रणांसह आणि लिप्यंतराच्या नियमांसह कोणत्याही विभागाला द्यायला मी तयार आहे. गाणाऱ्या बायांची परवानगी घेतलेली आहे. 'ऱ्ह' कसा लिहायचा, 'ळ'चा 'य' कसा दाखवायचा, लांबवलेल्या स्वराला खूण कोणती, एवढे तीन-चार संकेत तिन्ही जिल्ह्यांनी मिळून ठरवले तरी कामाला लागता येईल. त्यासाठी येत्या सत्रात अभ्यास मंडळाने एक दिवसाची बैठक बोलवावी, अहिराणी आणि लेवा बोलणारे विद्यार्थी व गाणाऱ्या दोन-तीन आज्या तिला असाव्यात, आणि बैठकीची तारीख सर्व विभागांना कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
खानदेशातील एक मराठीची प्राध्यापिका